वाचकांचे प्रश्न : फक्त शनिवारी घेतली तर?

प्रश्न : वय ४८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आठवडाभर थेंबही नाही, शनिवारी मात्र १८० मिली व्हिस्की होते. थोडी दारू हृदयाला चांगली असते ना?

उत्तर : आधी हिशेब. ४० टक्क्यांच्या १८० मिली व्हिस्कीत ७२ मिली, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ही ‘थोडी’ नव्हे. एका बैठकीत एवढी घेतल्यावर हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडू शकते. तिथे रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. रक्तदाबही चढतो, त्यातून मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वेगळीच. सहा दिवसांचा उपास इथे कामी येत नाही.

‘थोडी चांगली’ हा समज जुन्या पाहण्यांतला. न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले, म्हणून पिणारे ठणठणीत दिसले. हृदयासाठी कुणी पिणे सुरू करू नये.

महिनाभर पूर्ण बंद ठेवा, रोज सकाळी बसून रक्तदाब मोजून लिहा. गोळी मनाने सोडू नका. धडधड अनियमित वाटली तर ईसीजी काढा. चेहरा वाकडा, हात लुळा, बोलणे अडखळते? ‘चढली असेल’ म्हणून झोपवू नका, लगेच रुग्णालय गाठा.