जुगाराचे ‘व्यसन’ की ‘जुगारी वृत्ती’?

प्रश्न : एका समुपदेशन केंद्रासाठी मराठी माहितीपत्रक लिहायचे आहे. ‘गॅम्बलिंग डिसऑर्डर’ला ‘जुगारी वृत्ती’ म्हणावे, ‘जुगाराचा नाद’ की ‘जुगाराचे व्यसन’? जुगारात काहीच पोटात जात नाही, मग त्याला व्यसन म्हणता येईल का? आणि ‘टॉलरन्स’, ‘विथड्रॉवल’ यांना काय म्हणायचे?

उत्तर : ‘जुगाराचे व्यसन’ असेच लिहा. पोटात काही गेले पाहिजे अशी अट या शब्दाला कधीच नव्हती. कौटिल्याने ‘व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्’ अशी फोड केली आहे : माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकते ते व्यसन. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायातल्या कामज व्यसनांत मद्यपान आणि शिकारीबरोबर फासेही आहेत. मानसोपचारशास्त्र मात्र इथवर उशिरा पोचले. ‘डीएसएम’ या अमेरिकी निदानपुस्तिकेत १९८० साली जुगार आला तो आवेग न आवरण्याच्या विकारांत. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत तो तिथून काढून दारू आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात घातला गेला.

‘वृत्ती’ अजिबात नको. वृत्ती म्हटले की तो त्या माणसाचा स्वभाव ठरतो, आणि स्वभावाला औषध नाही हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. पार्किन्सन या कंपवाताच्या आजारासाठी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल घेणाऱ्या काही रुग्णांना, आयुष्यात कधी पत्ते हातात न धरता, जुगाराची अनावर ओढ लागते. डॉक्टरांनी मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की बहुतेकदा ती ओसरते. (गोळी परस्पर बंद करायची नाही, हेही पत्रकात लिहा.) वृत्ती अशी गोळीबरोबर येत-जात नाही.

‘नाद’ बोलताना चालेल, निदान म्हणून नाही. नाद भजनाचा असतो, बैलगाडा शर्यतीचा असतो, त्यात कौतुकही असते. व्यसन ठरते ते किती खेळला यावर नाही, खेळण्याने काय बिघडले यावर. डीएसएमच्या नऊ निकषांपैकी चार किंवा अधिक गेल्या बारा महिन्यांत दिसले तर निदान होते. चार-पाच असल्यास सौम्य, सहा-सात मध्यम, आठ-नऊ तीव्र.

या निकषांच्या भाषांतरातच सगळ्यात जास्त घोळ होतो. ‘टॉलरन्स’चे ‘सहनशीलता’ केले की वाचणाऱ्याला तो सद्गुण वाटतो. ‘पूर्वीच्या रकमेत मजा येईनाशी होते, आकडा वाढवावा लागतो’ असे सरळ वाक्य लिहा. ‘विथड्रॉवल’साठी ‘निवृत्ती’ किंवा ‘माघार’ नको. ‘बंद केले की चिडचिड आणि बेचैनी होते’ एवढे पुरे. ‘चेसिंग लॉसेस’चा ‘तोट्याचा पाठलाग’ तर कुणालाच कळणार नाही. खेळणारा म्हणतो, ‘गेलेले काढायला परत बसलो.’ तेच वाक्य छापा, कारण माणूस स्वतःला त्यात ओळखतो. हा निकष महत्त्वाचाही आहे : हरल्यावर उठून जाणे आणि हरल्यामुळेच दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे, यात मोठा फरक आहे.

‘निअर मिस’ म्हणजे ‘थोडक्यात हुकले’. संशोधक ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली स्लॉट मशीनसारख्या, म्हणजे चित्रे जुळली की पैसे मिळण्याच्या, खेळावर मेंदूचे स्कॅन घेतले. थोडक्यात हुकणे खेळणाऱ्यांना सपशेल हरण्यापेक्षाही नकोसे वाटले, तरी मेंदूत जिंकल्यावर जागे होणारे भाग त्याने काही प्रमाणात जागे केले, आणि डावातले चित्र स्वतः निवडले असेल तेव्हा पुन्हा खेळण्याची इच्छा वाढली. ४७ लावला आणि ४६ आला, तर जवळ पोचल्यासारखे वाटते; प्रत्यक्षात पुढच्या वेळची शक्यता तसूभरही बदललेली नसते. उपचारातल्या विचार-वर्तन पद्धतीत नेमका हाच समज तपासला जातो, म्हणून हा शब्द पत्रकात हवाच.

चाळणीसाठी दोनच प्रश्नांची एक चाचणी १९९७पासून वापरात आहे. मराठीत असे विचारा : ‘लावायची रक्कम वाढवत न्यावी असे तुम्हाला कधी वाटले आहे का?’ आणि ‘किती खेळता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले आहे का?’ एका जरी प्रश्नाला ‘हो’ आले तर सविस्तर तपासणी करायची. सुरुवात मात्र ‘जुगार खेळता का?’ अशी करू नका. मटका खेळणारा ‘आकडा लावतो’ म्हणतो, ॲपवरचा ‘रमी खेळतो’ म्हणतो, आणि दोघेही प्रामाणिकपणे ‘नाही’ सांगतात. रमी हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वी म्हटले आहे, हे कारणही पुढे येते. २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य की नशीब हा भेद ठेवलेला नाही. उपचारातही तो ठेवू नये. ‘पैसे लावून काही खेळता का?’ असे विचारा.

माणसासाठी ‘जुगारी’ किंवा ‘व्यसनी’ टाळा, ‘जुगाराचे व्यसन असलेली व्यक्ती’ लिहा. वाक्य लांबते, पण फरक पडतो. केली आणि वेस्टरहॉफ या संशोधकांनी २०१० साली पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच माणसाचे वर्णन दिले. निम्म्यांच्या कागदावर अमली पदार्थांचा ‘गैरवापर करणारा’ होते, निम्म्यांच्या कागदावर ‘विकार असलेली व्यक्ती’. पहिल्या गटाचा कल दोष त्या माणसालाच देण्याकडे आणि शिक्षेकडे अधिक होता. प्रशिक्षित लोकांचे हे, मग घरच्यांचे काय होत असेल!

शेवटी ‘लॅप्स’ आणि ‘रिलॅप्स’ यांना दोन वेगळे शब्द हवेतच. एकदा खेळून बसला तर ‘पाय घसरला’, पूर्वीसारखे सुरू झाले तर ‘पुन्हा आहारी गेला’. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दाखवले की एकदा घसरल्यावर ‘आता सगळे संपलेच’ या विचाराने माणूस पुरता कोसळतो. पत्रकात त्याखाली लगेच करायच्या गोष्टी द्या : त्याच दिवशी समुपदेशकाला फोन, कार्ड आणि यूपीआय घरच्यांच्या ताब्यात, आणि घरच्यांनी कर्ज परस्पर फेडून टाकायचे नाही.