कोळीण देखणी झालीय, पण ती हलणार कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की शॉर्टफिल्मसाठी काढलेली कोळीण पोस्टरवर सगळ्यांना आवडते, पण अ‍ॅनिमेटर मित्र म्हणतो, "ही माझ्याच्याने हलायची नाही." मित्राचं खरं आहे. चित्र सुरेख आहे, पण एकाच कोनातलं, एकाच क्षणाचं. ही बाई त्याला शेकडो वेळा काढायची आहे, आणि मागून ती कशी दिसते हे तुम्ही कुठेच ठरवलेलं नाही. नऊवारीचं सगळं गुपित मागच्या कासोट्यात असतं. तेव्हा समोरून, पाऊण, बाजूने आणि मागून अशी टर्नअराउंड शीट आधी करा.

आता हिशेब बघा. सेकंदाला २४ फ्रेम्स. एक चित्र दोन फ्रेम्स धरलं तरी १२ चित्रं, म्हणजे दहा सेकंदांच्या शॉटला १२०. तुमच्या लुगड्यावरच्या बारीक चौकड्या त्या प्रत्येक चित्रात चुणीचुणीबरोबर वळवत बसणार कोण? सपाट रंग आणि एक ठसठशीत काठ पुरे.

कटआउट रिग (हात, पाय, डोकं असे सुटे भाग सांध्यांवर जोडून हलवायची बाहुली) करणार असाल तर रेघांची कटकट कमी, पण सांधे उघडे पडतात. हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओने टीव्हीसाठी कमी पैशांत मालिका काढताना योगी बेअर या अस्वलाला कॉलर आणि टाय घातला तो याचसाठी: धड तसंच ठेवायचं, डोकं तेवढं हलवायचं, जोड कॉलरखाली झाकायचा. तुमच्या कोळणीला ही सोय आयतीच आहे. मनगटाचा सांधा बांगड्यांखाली, मानेचा गळ्यातल्या दागिन्यांखाली. सध्या तुम्ही बांगड्या पार कोपराकडे सरकवल्यात. खाली आणा.

रंगांबद्दल एकच. हात आणि लुगडं यांची गडदता जवळजवळ सारखी आहे. चित्र काळं-पांढरं करून बघा, पोटासमोर आलेला हात गायब होतो. मिकी माउसचे काळे हात काळ्या अंगावर असेच हरवायचे. १९२९मध्ये त्याला पांढरे हातमोजे आले, त्याने ती अडचण सुटली.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ही बाई कोळणीसारखी उभी नाही, फोटोला उभी राहिल्यासारखी उभी आहे. डोक्यावर भरलेली पाटी असेल तर मान ताठ राहते, डोकं हलत नाही, चालीचा सगळा हेलकावा कमरेत उतरतो, एक हात पाटीला जातो आणि दुसरा मोकळा झुलतो. आधी हे वजन काढा, चेहरा नंतर. मग पाटी उतरवल्यावर ती कशी चालते ते काढा. त्या दोन चालींमधल्या फरकात तुम्हाला तिचं वय, दमणूक, तोरा, सगळं सापडेल. तुम्ही पात्रपरिचयात लिहिलेलं 'स्वाभिमानी, प्रेमळ, कष्टाळू' हे अ‍ॅनिमेटरच्या काही उपयोगाचं नाही. गिऱ्हाईक निम्मा भाव मागतं तेव्हा ती काय करते? हसते, मासा परत पाटीत टाकते, की त्याच्याकडे न बघता पुढच्या बाईशी बोलायला लागते? तिन्ही बायका वेगळ्या आहेत. एक निवडा.

मुंबईत असाल तर पहाटे ससून डॉकला, मासळीच्या धक्क्यावर, स्केचबुक घेऊन जा. फोटो काढत बसू नका (त्यांना आवडत नाही, आणि फोटोत वजन दिसत नाही). भराभर रेघा ओढा, चेहरे सोडून द्या. बसणं, उठणं, वाकणं, पाटीला हात देणं एवढंच पकडा.

आणि ती नथ. वरच्या ओठावर आल्यामुळे लिपसिंकचे (संवादाबरोबर हलणाऱ्या ओठांचे) निम्मे आकार झाकले जाणार. शिवाय रोज बाजारात बसताना एवढी मोठी नथ कोण घालतं? लग्नाच्या प्रसंगापुरती राखून ठेवा आणि त्या प्रसंगात तिला संवाद कमी द्या.