सव्यसाची कोण आणि डावखुरा कोण?

फोंड्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी लिहिते डाव्या हाताने, पण बॅडमिंटनची रॅकेट उजव्या हातात धरते. शाळेच्या वार्षिकांकात तिचा उल्लेख ‘सव्यसाची विद्यार्थिनी’ असा आला. हा शब्द तिला लागू पडतो का, आणि नसेल तर काय म्हणायचे?

लागू पडत नाही. सव्यसाची हे अर्जुनाचे नाव, आणि त्याचा अर्थ त्यानेच सांगून ठेवला आहे. महाभारताच्या विराटपर्वात तो विराटाच्या मुलाला, उत्तराला, आपल्या दहा नावांचा उलगडा करतो, त्यात म्हणतो, ‘उभौ मे दक्षिणौ पाणी गाण्डीवस्य विकर्षणे’. गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच. म्हणजे एकच काम दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने करणारा तो सव्यसाची. लेखणी एका हाताला आणि रॅकेट दुसऱ्याला, अशी वाटणी झालेल्याला हा शब्द नाही. (डाव्या हाताचे कौतुकसुद्धा त्याला उजवा ठरवूनच झाले, हे जाता जाता बघून ठेवा.)

घोटाळा होतो तो ‘सव्य’मुळे. संस्कृतात सव्य म्हणजे मुळात डावा. जानवे डाव्या खांद्यावर असले की सव्य. श्राद्धात उजव्या खांद्यावर घेतले की अपसव्य. आता सव्य ही रोजची, शुभकार्यातली स्थिती. त्यामुळे मराठीत सव्य म्हणजे उजवा, सुलटा, असाही अर्थ रुळला. भटजींच्या सूचनेबरहुकूम जानवे इकडून तिकडे करून माणूस दमतो, म्हणून उगाचच्या खटाटोपाला आपण सव्यापसव्य म्हणतो.

डाव्या हाताने कामे करणाऱ्याला मराठीत साधे शब्द आहेत: डावखुरा, डावरा. शंभरात साधारण दहा माणसे अशी असतात. पण हे शब्द माणसाला सरसकट लागतात, आणि हात तसा सरसकट वागत नाही. मानसशास्त्रज्ञ ओल्डफील्ड यांनी 1971 मध्ये यासाठी एक प्रश्नावली केली. लिहिणे, चित्र काढणे, चेंडू फेकणे, कात्री, दात घासणे, सुरी, चमचा, केरसुणी, काडी ओढणे, डब्याचे झाकण उघडणे, प्रत्येकाला हात कोणता, हे वेगवेगळे विचारायचे. पुष्कळांची उत्तरे एका बाजूची येत नाहीत. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्याने, फलंदाजी उजव्याने. सौरव गांगुलीचे नेमके उलट. शिवाय बॅट दोन्ही हातांनी धरतात आणि डावखुऱ्या फलंदाजाचा वरचा हात उजवा असतो, त्यामुळे तिथे ‘डावखुरा’ हा शब्द उभे राहण्याच्या पद्धतीला आहे, हाताला नव्हे.

‘हात बसला’ असे आपण म्हणतो खरे, पण तो बसतो मेंदूत. मेंदूकडून निघणारे बहुतेक मज्जातंतू मानेच्या वर, लंबमज्जेत, बाजू बदलतात. म्हणून उजवा हात डाव्या अर्धगोलाच्या ताब्यात. एवढ्यावर भागले असते तर डावखुऱ्याचा मेंदू म्हणजे उजव्याची आरशातली प्रतिमा ठरली असती. तसे नाही. भाषेचे केंद्र उजव्या हाताच्या बहुतेक सगळ्यांत डावीकडे असते, आणि डावखुऱ्यांतही सुमारे सत्तर टक्क्यांत डावीकडेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन वैद्य ह्युगो लीपमान यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उजव्या हाताच्या माणसाच्या डाव्या अर्धगोलाला इजा झाली, तर पांगळा न झालेला डावा हातही हातोडा कसा मारायचा, निरोपाचा हात कसा हलवायचा, हे विसरू शकतो. जोर शाबूत असतो, हातोटी जाते.

‘वळण’ या शब्दाचीही तीच गत. कागदावर पेन बोटांनी चालते, फळ्यावर खडू खांद्या-कोपराने. स्नायू वेगळे, तरी अक्षराचे वळण तेच, मास्तर ओळखतात. म्हणून डाव्या मुलाला दटावून उजव्याने लिहायला लावले तरी तो आतून उजवा होत नाही. अशा वळवलेल्या प्रौढांच्या मेंदूचे चित्रण केले तेव्हा उजव्या हाताने लिहितानाही त्यांच्या उजव्या अर्धगोलातले काही भाग कामाला लागलेले दिसले. घरोघरी अजून हा दटावण्याचा उद्योग चालतो. तो थांबवावा.

मग सव्यसाची म्हणावे कोणाला? एका हाताने वर्तुळ आणि त्याच वेळी दुसऱ्याने सरळ रेघ काढून बघा. वर्तुळ चपटते, रेघ वाकते. दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंच्या जुडग्यातून एकाची आज्ञा दुसऱ्याच्या कामात मिसळते. ते जुडगे शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांना दोन हातांनी दोन वेगळ्या आकृत्या बिनधोक जमतात. बाकीच्यांना रियाजच हवा. आपल्या गोव्याचे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर एका हाताने एक ताल आणि दुसऱ्याने दुसरा धरत, अशी त्यांची ख्याती. सव्यसाचीच्या कोशातल्या अर्थाहून हे निराळे, कारण दोन हात इथे दोन कामे करतात. पण त्यांना कोणी सव्यसाची म्हटले तर मी लाल शाई उचलणार नाही. घुमट हे आपले मातीच्या भांड्याचे वाद्य वाजवणाराही एका हाताने चामड्यावर थाप देतो आणि दुसऱ्याने मागचे तोंड झाकत-उघडत नाद फिरवतो. मात्र त्याला हात बदलायला सांगा, बहुतेकांची गाडी अडते. तो कुशल वादक, सव्यसाची नव्हे.

वाचकांच्या मुलीसाठी ‘लिहिण्याला डावरी, रॅकेटला उजवी’ एवढे पुरे आहे. त्यासाठी नवा संस्कृत शब्द घडवायची गरज मला दिसत नाही.