रोजच्या स्किनकेअरबद्दल लोकांचे कोणते गैरसमज असतात?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की स्किन ऑइली आहे, पिंपल येतात म्हणून दिवसातून चार-पाच वेळा साबणाने तोंड धुता, मधूनमधून लिंबू-बेसन लावता, आणि मॉइश्चरायझर लावलं तर अजून तेलकट होईल म्हणून त्याच्या वाटेला जात नाही, तर यातलं बरोबर काय? बेसन सोडलं तर फारसं काही नाही :) मी मेडिकलच्या काउंटरवर असतो, फार्मसी केलंय, डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण तिथे बसून एक गोष्ट रोज दिसते, माणसाला चेहऱ्यावर लगेच काहीतरी जाणवायला हवं असतं. चरचरलं की लागू पडतंय, ताणल्यासारखं झालं की स्वच्छ झालं, आठवड्यात उजळ दिसलं की क्रीम भारी. बहुतेक गैरसमज इथूनच निघतात.

साबणाचंच बघा. आपली त्वचा थोडी आम्लधर्मी असते, पीएच (आम्लता मोजायचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५ च्या आसपास, आणि नेहमीचा साबण ९-१० चा. तो मळाबरोबर त्वचेची स्वतःची चरबीपण धुऊन नेतो, तोंड धुतल्यावर गाल ओढल्यासारखे वाटतात ते त्यामुळे, आणि तेच दिवसातून पाच वेळा केलं तर आग, लाली आणि वर पिंपल आहेतच. सकाळ-संध्याकाळ दोनदा सौम्य फेसवॉश पुरतो, जिममधून किंवा उन्हातून घामाघूम आलात तर अजून एकदा, मध्ये वाटलं तर नुसतं पाणी मारा. हल्ली गिऱ्हाईक साबणाचं वेष्टन उलटं करून टीएफएम किती ते बघतं, ७६ टक्के असला की ग्रेड १ म्हणून खूश. टीएफएम म्हणजे साबणात चरबीचा अंश किती, त्यावरून साबण किती अस्सल ते कळतं, चेहऱ्याला किती सौम्य ते नाही. उलट ज्या सिंडेट (कृत्रिम क्लेंझरच्या) वड्या स्किनचे डॉक्टर लिहून देतात त्या मुळात साबणच नसतात, त्यामुळे त्यांना ७६ चा हिशोब लावून उपयोग नाही.

लिंबू तर तोंडाला लावूच नका. त्याचा पीएच २ च्या जवळपास, वर पिंपल फोडलेल्या जागी लावलं की जी आग होते तिला लोक 'काम चालू आहे' समजतात. आणि लिंबाच्या रसात, विशेष करून सालीत, असे घटक असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर पोळल्यासारखं होतं आणि नंतर काळे डाग उठतात, रस ओघळला असेल तर डागपण ओघळासारखेच. म्हणजे गेलात डाग घालवायला आणि आणलेत नवीन. टूथपेस्ट पिंपलवर लावणं त्याच माळेतलं. उटणं, बेसन यांचं मात्र माझं काही म्हणणं नाही, फक्त खसाखसा घासू नका, पिंपल घासून जात नाही.

आता खरा विषय, ज्यासाठी मी एवढं टाइप करतोय. काउंटरवर कोणीतरी येतं, मोबाइलमध्ये चुरगळलेल्या ट्यूबचा फोटो दाखवतं, "दादा ही द्या, आमच्या शेजारच्या काकू लावतात, एकदम गोऱ्या झाल्या." फोटो मोठा करून बघितला की खाली बारीक अक्षरात मोमेटासोन, नाहीतर बीटामेथासोन, नाहीतर क्लोबेटासॉल. ही सगळी स्टेरॉइडं. आजारावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडे दिवस लावली तर उत्तम औषधं आहेत, मी त्यांच्या विरोधात अजिबात नाही. पण लोक ती रोजची क्रीम म्हणून लावतात. सुरुवातीला काय होतं, रक्तवाहिन्या आकसतात, लाली-सूज उतरते, रंग फिका दिसतो, पिंपलपण बसल्यासारखे वाटतात, आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये त्या ट्यूबचं नाव होतं. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, गालावर लाल शिरांची जाळी दिसायला लागते, ऊन सोसत नाही, बायकांना हनुवटीवर लव येते. लावायचं थांबवलं की दोन-चार दिवसांत तोंड लालबुंद, आग, पुटकुळ्या, मग माणूस म्हणतो बघा सोडली की त्रास होतो, म्हणजे क्रीम चांगलीच होती, आणि परत ट्यूब घ्यायला येतो. त्वचारोगतज्ज्ञांनी याला नावच देऊन ठेवलंय, 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस'. २०१८ मध्ये सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, तरी मिळतात, कशी मिळतात ते आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहितीये, असो. वांग आणि गजकर्ण या दोन्हींवर मैत्रिणीने सांगितलेली ट्यूब लावू नका, गजकर्णावर नुसतं स्टेरॉइड लावलं तर खाज थांबते आणि खाली बुरशी मजेत पसरत राहते. तुमच्या घरात कोणी बरेच महिने असं काही लावत असेल तर आज वाचलं म्हणून उद्या फेकून देऊ नका, एमडी किंवा डीव्हीडी (त्वचारोगाचा डिप्लोमा) झालेल्या स्किनच्या डॉक्टरकडे ती ट्यूब घेऊन जा, ते कमी करत करत बंद करतात.

याच्या उलट गत सनस्क्रीनची. लावून काहीच जाणवत नाही, उलट चिकट वाटतं, म्हणून कोणी लावत नाही. "मी सावळी आहे, मला कशाला", "ढग आहेत", "मी ऑफिसातच असते", ही नेहमीची कारणं. सावळ्या रंगाला भाजण्यापासून थोडं संरक्षण असतं हे खरं, पण वांग आणि पिंपलनंतरचे काळे डाग आपल्याच रंगात जास्त टिकतात आणि ऊन ते गडद करतं. उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण खिडकीच्या साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात. एसपीएफ (सनस्क्रीनच्या ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा) ३० आणि ५० मध्ये साधारण ९७ आणि ९८ टक्के भाजणारे यूव्हीबी किरण अडवण्याएवढाच फरक, तोही भरपूर लावलं तर, वाटाण्याएवढं लावलं तर ५० चं पण काही खरं नाही. चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत.

बाकीचं पटकन. वाफेने रंध्रं उघडत नाहीत आणि बर्फाने बंद होत नाहीत, त्यांना स्नायू नसतात. खोबरेल तेल अंगाला मस्त, पिंपलवाल्या तोंडाला नको. व्हॅसलीन ओलावा देत नाही, असलेला धरून ठेवतं, म्हणून किंचित ओल्या कातडीवर लावायचं. आणि 'केमिकल फ्री' लिहिलेल्या बाटलीत काय असतं हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही, पाणीसुद्धा केमिकलच.

तुमच्यापुरतं सांगायचं तर दोनदा फेसवॉश, त्यावर 'नॉन-कॉमेडोजेनिक' (म्हणजे रंध्रं न बुजवणारं) लिहिलेलं जेल मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. तेल आणि पाणी वेगळं, ऑइली चेहरापण आतून कोरडा पडू शकतो, आणि पिंपलची औषधं तर त्वचा हमखास सुकवतात. औषध सुरू करायचं झालं, म्हणजे बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीन वगैरे, तर डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि दोन-तीन महिने धरा. पहिल्या काही आठवड्यांत पिंपल वाढल्यासारखे वाटतील, बरेच जण तिथेच सोडतात. प्रेग्नन्सी असेल किंवा प्लॅन करत असाल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, अ‍ॅडापलीन तेव्हा देत नाहीत.