‘आभासी विरोधाभास’ म्हणजे पिवळा पीतांबर

दारव्हा तालुक्यातून विचारणा आहे: स्पर्धा परीक्षेच्या सराव-पुस्तकात ‘विधानांतील आभासी विरोधाभास दूर करा’ असं असतं, अभ्यासिकेतले काही म्हणतात ‘विसंगती’ म्हणा. बरोबर काय?

‘आभासी विरोधाभास’ तर नक्कीच नाही. आभास शब्दातच बसलाय, वरून आणखी एक कशाला? हा घोळ बातम्यांनी वाढवला. पुढारी काल ‘हो’ अन् आज ‘नाही’ म्हणाला की ‘वक्तव्यात विरोधाभास’! अहो, तो चक्क विरोध आहे, आभास कसला?

आता ‘विरोध’ बघा. वि + रुध्. रुध् म्हणजे अडवणे. अवरोध, निरोध त्याचेच, गळा ‘रुंधतो’ तोही तिथलाच. म्हणजे माझ्या मते विरोध आधी वाटेचा, मग मताचा. बाभळीच्या काट्या टाकून पांदण अडवली, तो विरोध. पांदण वळणावर बुजल्यासारखी दिसते पण बैलबंडी खुशाल निघते, तो विरोधाभास. विरोधाभासाला इंग्रजीत ‘पॅराडॉक्स’ म्हणतात, पण त्याच्या ग्रीक मुळात समजुतीविरुद्ध जाणं आहे, वाट अडणं नाही. आणि विरोधाभास हा नुसता अलंकार, तर्कात त्याचं काम नाही, असं बजावणाऱ्या व्याकरणवाल्यांनी न्यायशास्त्रातला ‘हेत्वाभास’ (कारणासारखं दिसणारं पण सदोष कारण) एकदा वाचावा. तो काय कवितेतला आहे?

वाटेचा अर्थ धरला की परीक्षेतला प्रश्नही सुटतो. समजा: तालुक्यात कपाशीचा पेरा वाढला, एकरी उतारा तेवढाच, तरी तिथल्या जिनिंगांत (सरकी काढायच्या कारखान्यांत) कापसाची आवक घटली. दोन्ही टोकं खरीच धरायची, मधलं वळण शोधायचं. ‘बोंडअळीने उतारा घटला’ हा पर्याय पोरं हमखास निवडतात, कारण आपल्याकडे ते खरं असतं. पण तो दिलेलं विधानच खोडतो. ‘सोयाबीनचा पेरा घटला’ हा एकच टोक समजावतो. ‘भाव गेल्या वर्षीएवढाच’ याने काहीच हलत नाही. ‘व्यापाऱ्यांनी खेडा खरेदी (थेट गावात जाऊन) करून बराच माल शेजारच्या तालुक्यात नेला’ म्हटलं की दोन्ही टोकं जुळतात. पर्याय खरा की खोटा हे तपासत बसू नका. तो खरा धरला तर काय होतं, एवढंच बघा.

‘माझी आई वांझ आहे’ याला मात्र कुठलाच पर्याय वाचवू शकत नाही. तो वदतोव्याघात, म्हणजे बोलणंच स्वतःला खोडतं.

हां, ‘विसंगती’. ती नुसतं न जुळणं सांगते, जुळेल की नाही ते सांगत नाही. तेव्हा पुस्तकात ‘आभासी’ खोडा, ‘विरोधाभास उलगडा’ लिहा.