राउटरच्या खाचेची खोली टिकत नाही

प्रश्न : प्लायवर राउटरने (लाकडात खाच पाडायचं मशीन) ६ मिमी खोल खाच पाडायला घेतो, शेवटाला ती ८ मिमी भरते. डेप्थचा (खोली ठरवणारा) स्क्रू घट्ट आहे. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : मग बिटच (कापणारं पातं) कॉलेटमधून, म्हणजे ते धरणाऱ्या पकडीतून, खाली सरकतंय. प्लग काढा, शँकवर (बिटच्या दांड्यावर) कॉलेटलगत मार्करने रेघ ओढा, प्लग लावून एक खाच पाडून पाहा. रेघ खाली आली की खात्री.

आधी शँक मोजा. पाव इंची कॉलेट ६.३५ मिमीचं; त्यात ६ मिमीचं बिट कितीही आवळलं तरी धरणार नाही. माप जुळत असेल, तर कॉलेट काढून आतला चिकटा, भुसा पितळी ब्रशने साफ करा. मुंबईच्या पावसाळ्यात गंजही असतोच. तेल मात्र नको, पकड जाते.

बिट कॉलेटमध्ये आत तळाला टेकवून ३ मिमी मागे ओढा, मग आवळा. तरीही सरकलं तर कॉलेट झिजलंय. नव्यासाठी राउटरचा मॉडेल नंबर घेऊन नागदेवी स्ट्रीटचा अवजारांचा बाजार गाठा.