हृदयातला पडदा दिसला, मग आणखी तपासण्या कशासाठी?

प्रश्न : माझ्या २९ वर्षांच्या बहिणीला जिना चढताना धाप लागते. टू-डी इकोत हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात पडदा दिसला असून ‘कॉर ट्रायएट्रिएटम’ची शंका लिहिली आहे. आता घशातून इको आणि एमआरआय करायला सांगितले आहे. आजार सापडल्यावर हा खर्च कशासाठी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपली शंका रास्त आहे. परंतु पडदा आहे एवढे कळून भागत नाही. तो रक्ताची वाट किती अडवतो यावर उपचार ठरतात. या दुर्मीळ जन्मजात दोषात डाव्या अलिंदाचे, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याचे, दोन भाग होतात. वरच्या भागात फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा उघडतात आणि खालच्या भागाच्या तळाशी मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी झडप, असते. पडद्यातले छिद्र मोठे असल्यास काहींना जन्मभर त्रास होत नाही; लहान असल्यास रक्त फुप्फुसांत तुंबते. सांधेतापाने आकसलेल्या झडपेतही अशीच धाप लागते आणि आपल्याकडे तो आजार कितीतरी अधिक आढळतो, म्हणून पहिल्याच इकोत पडदा टिपला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या अगदी पाठीशी असल्याने घशातून उतरवलेल्या नळीतून पडदा जवळून दिसतो. अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. ती पडद्याच्या खालच्या बाजूला असेल तर निदान पक्के होते, वरच्या बाजूला असेल तर तो झडपेलगतच्या कड्याचा निराळा दोष ठरतो आणि शस्त्रक्रियेचा बेतही बदलतो. डॉप्लरने छिद्रातून जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात : तो सेकंदाला २ मीटर असेल, तर त्याच्या वर्गाची चौपट, म्हणजे १६ मिलिमीटर पारा, एवढा दाबातला फरक निघतो.

एमआरआयमध्ये फुप्फुसांकडून येणारी प्रत्येक शिरा कोठे उघडते ते दिसते. या दोषाबरोबर अलिंदांमधल्या भिंतीला छिद्र असणे किंवा एखादी शिरा उजवीकडे उघडणे पुष्कळदा आढळते. सीटी स्कॅन झटपट होतो, पण त्यात क्ष-किरण आणि बहुधा आयोडीनयुक्त औषध लागते. बहिणीचे वय पाहता एमआरआयची निवड मला योग्य वाटते.

घशातून इको करण्यापूर्वी सुमारे ६ तास उपाशी राहावे लागते, आणि नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीही पिऊ नये. बहिणीचा गरोदरपणाचा विचार असेल, तर तपासण्या त्याआधीच उरकाव्यात; त्या काळात शरीरातले रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि आज सोसणारा अडथळा तेव्हा सोसेनासा होऊ शकतो. आडवे झाल्यावर श्वास कोंडू लागला, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता तिला तातडीने रुग्णालयात न्यावे.